सोलापूरच्या उन्हात वेखंड: रोपाची ओळख आणि लागवड

वेखंडाची वाळलेली कांडी सोलापुरातील जुन्या घरांत हमखास सापडते. बाळगुटीच्या डबीत मायफळ, हळकुंड आणि मुरुडशेंग यांच्या शेजारी ती असते, आणि न्हाऊ घातलेल्या बाळाच्या अंगाला लावायच्या पुडीचा तो उग्र, गोडसर वास एकदा घेतलेला माणूस सहसा विसरत नाही. याच कांडीला शहराच्या पूर्व भागातील तेलुगूभाषक कुटुंबे ‘वस’ म्हणतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडील कन्नड बोलणारी माणसे ‘बजे’ म्हणतात आणि वैद्यांच्या संस्कृतात ती ‘वचा’ आहे. एकाच गावात तीन भाषांची नावे रुळलेली असूनही ही कांडी ज्या रोपाची असते ते जिवंत रोप मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते, आणि समोर आले तरी ते लव्हाळे समजून दुर्लक्षिले जाते.

हा समज अगदीच निराधार नाही. वेखंड ही लव्हाळ्यासारखी दिसणारी, पाणथळ जागी वाढणारी बहुवर्षायू वनस्पती आहे. तिला उभे खोड नसते. जमिनीत आडवे पसरणारे खोड असते आणि त्यातून तलवारीच्या पात्यांसारखी पाने थेट वर येतात. या जमिनीखालच्या खोडालाच आपण कांडी किंवा कंद म्हणतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला अॅकोरस कॅलॅमस हे शास्त्रीय नाव दिले. फुलांच्या दांड्यामुळे पुष्कळ वर्षे ती अळूच्या कुळात गणली जात असे. आता तिचे स्वतंत्र कुळ मानले जाते, आणि एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात इतर सर्वांच्या आधी वेगळी झालेली शाखा म्हणून अभ्यासकांना तिचे विशेष महत्त्व वाटते.

भारतात वेखंड हिमालयात सुमारे २,२०० मीटर उंचीपर्यंत आणि ईशान्येकडील दलदलीच्या भागांत आढळते, तर कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे परिसरात त्याची शेती होते. सोलापूरचे हवामान याच्या नेमके उलटे आहे. येथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर राहतो. म्हणून आपल्या ओढ्याकाठी किंवा तलावाच्या उथळ काठाला एखादे लांब पात्यांचे झुडूप दिसले, तर ते वेखंड असण्याची शक्यता फार कमी आहे हे आधीच लक्षात घ्यावे. मुद्दाम लावल्याशिवाय ते येथे येत नाही. लावल्यावर मात्र, त्याच्या पायाशी बारा महिने ओल आणि डोक्यावर उन्हाळ्यात सावली या दोन गोष्टी सांभाळल्या, तर ते सोलापुरातही वर्षानुवर्षे उत्तम टिकते.

पान चुरडल्याशिवाय ओळख पटत नाही

माझे पहिले वेखंड मी एका रोपवाटिकेतून आणले होते. कुंडीवर नावाची पट्टी होती, पाने लांब, हिरवी आणि तजेलदार होती, त्यामुळे शंका घेण्याचे कारण वाटले नाही. चार-सहा दिवसांनी शेजारच्या तेलुगूभाषक आज्जी गच्चीवर आल्या. त्यांनी रोपाकडे नीट पाहिलेही नाही, एका पानाचा शेंड्याकडील बोटभर तुकडा खुडला, तळहातावर अंगठ्याने रगडला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “ही वस नाही बाळा, हिला वासच नाही.” ते रोप स्पायडर लिलीचे निघाले. पुढे पांढरी, लांब पाकळ्यांची फुले आली तेव्हा उरलासुरला संशयही फिटला. आज्जींनी केली तीच परीक्षा मी आजही सर्वांत आधी करतो, कारण आकार पुष्कळ वनस्पतींचा जुळतो, वास मात्र जुळत नाही. वेखंडाचे ताजे पान चुरडले की गोडसर, मसालेदार आणि किंचित कडवट असा सुगंध येतो, आणि तो बोटांना बराच वेळ राहतो. कंदाला हाच वास अधिक तीव्र असतो.

वासाची खात्री झाल्यावर पान बारकाईने पाहावे. पूर्ण वाढलेले पान साधारण दोन ते तीन फूट लांब आणि एक ते दोन सेंटिमीटर रुंद असते. त्याच्या मध्यातून जाणारी जाड शीर बरोबर मधोमध नसते, ती एका कडेकडे थोडी सरकलेली असते. बोटाच्या चिमटीत धरून पान वरपासून खालपर्यंत ओढले की हा उंचवटा स्पष्ट हाताला लागतो. अनेक पानांची एक कड मधूनमधून चुणीदार दिसते, जणू कापडाला बारीक दुमड घातली आहे. बुडाशी पाने एकमेकांना कवेत घेऊन पंख्यासारखी दोन बाजूंना रचलेली असतात, आणि तेथे त्यांचा रंग हिरव्यावरून पांढरट, पुष्कळदा गुलाबी-तांबूस होतो. हा गुलाबी तळ आणि सरकलेली शीर एकत्र दिसली की वासाशिवायही बहुधा अंदाज चुकत नाही.

गफलत होते ती प्रामुख्याने पाणकणीस आणि लव्हाळ्याशी. पाणकणसाचे कोवळे रोप वेखंडासारखे दिसते खरे, पण त्याचे पान आडवे कापून पाहिले तर आत हवेच्या पोकळ्यांची स्पंजासारखी जाळी दिसते, मधली उठावदार शीर नसते आणि वास तर मुळीच नसतो. पुढे तपकिरी, मखमली कणीस आले की प्रश्नच मिटतो. लव्हाळ्याची फुले धरणारी काडी दोन बोटांत फिरवून पाहावी. ती गोल फिरत नाही, तिच्या तीन कडा बोटांना टोचतात. शेतकऱ्यांना हैराण करणाऱ्या लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठीलाही सुगंध असतो आणि तोच नागरमोथा म्हणून विकला जातो, त्यामुळे केवळ ‘मुळाला वास आहे’ एवढ्यावर निर्णय करू नये. पानाला वास आहे का ते पाहावे. स्पायडर लिलीच्या बुडाशी कांद्यासारखा गड्डा असतो, वेखंडाला तो नसतो.

वेखंडाचे फूल सोलापुरात नेहमी येतेच असे नाही. आले तर पानासारख्याच चपट्या दांड्याच्या कडेतून, तिरपे बाहेर निघालेले, करंगळीएवढे हिरवट-पिवळे कणीस दिसते आणि दांडा त्याच्याही वर पानासारखा वाढत जातो. जवळून पाहिल्यास त्या कणसावर शंकरपाळ्यांसारखी चौकटीची नक्षी दिसते. तिच्यातली प्रत्येक चौकट म्हणजे एकेक सूक्ष्म फूल असते. आपल्याकडे लागवडीत असलेल्या वेखंडाला बी क्वचितच धरते, म्हणून ‘वेखंडाचे बी’ या नावाने कोणी पाकीट विकत असेल तर ते घेऊ नये. लागवड कंदापासूनच करावी लागते.

कंद कोठून आणि कसा घ्यावा

दुकानातील काष्ठौषधींच्या डब्यातली कांडी लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. मीही एका दुकानातून पाव किलो आणून, रात्रभर भिजवून ती लावली होती आणि रोज चिखल उकरून पाहत होतो. तीन आठवड्यांत ती कुजून मऊ झाली. ती कांडी पूर्ण वाळवलेली असते, तिच्यातील डोळे मेलेले असतात, आणि कितीही जपले तरी त्यातून कोंब येत नाही. शिवाय ‘बाळवेखंड’ अशा नावाखाली काही ठिकाणी निराळ्याच वनस्पतीची मुळे विकली जातात.

जिवंत कंद हा औषधी वनस्पतींच्या खात्रीच्या रोपवाटिकेतून, कृषी विद्यापीठाच्या औषधी वनस्पती विभागातून किंवा ज्यांच्याकडे रोप आहे अशा माणसाकडून घ्यावा. चांगला कंद बोटाएवढा जाड, दाबल्यावर टणक, बाहेरून तपकिरी-गुलाबी आणि तोडल्यावर आतून पांढरट ते फिकट गुलाबी असतो. त्याच्या पाठीवर गळालेल्या पानांच्या तिरप्या, त्रिकोणी खुणा आणि पोटाकडे मुळांच्या बारीक ठिपक्यांच्या खुणा दिसतात. लावायच्या तुकड्यावर किमान दोन-तीन डोळे असावेत. शेंड्याकडचा, कोंब असलेला तुकडा सर्वांत लवकर धरतो. पाने असलेले रोप मिळाले तर पाने वीतभर ठेवून बाकीची कापून टाकावीत, म्हणजे मुळे धरेपर्यंत पानांतून पाणी उडून रोप सुकत नाही.

लागवड

सोलापुरात लागवडीचा उत्तम काळ मृगाचा पाऊस पडून हवा निवली की सुरू होतो आणि जुलैअखेरपर्यंत राहतो. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही कंद लावता येतो, परंतु तेव्हा लावलेल्या रोपाला मुळे पुरती पसरण्याआधीच उन्हाळा गाठतो, म्हणून पहिल्यांदाच लावणाऱ्याने पावसाळ्याचीच वाट पाहावी.

भांडे खोल असण्यापेक्षा पसरट असावे, कारण कंद खाली न जाता आडवा पळतो. दीड ते दोन फूट रुंद आणि फूटभर खोल असा, तळाला भोक नसलेला प्लास्टिकचा टब किंवा सिमेंटचा लहान हौद पुरतो. काळा टब घेऊ नये. मे महिन्यात गच्चीवर त्यातले पाणी हात बुडवता येणार नाही इतके तापते. पर्याय नसेल तर त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे आणि ते ओले ठेवावे.

माती हा आपल्याकडचा भक्कम भाग आहे. जी काळी माती इतर कुंड्यांत चिकट होऊन मुळे गुदमरवते, तीच वेखंडाला मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. काळी माती किंवा तलावातला सुका गाळ दोन भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण करावे. ताजे शेण अजिबात घालू नये. साचलेल्या पाण्याखाली ते सडते, दुर्गंधी सुटते आणि कोवळी मुळे जळतात. मिश्रण टबात कडेपासून चार बोटे कमी भरावे, पाणी घालून दोन दिवस तसेच मुरू द्यावे, आणि चिखल बसला की कंद लावावा.

कंद आडवा ठेवावा, कोंब आणि पानांच्या खुणा वरच्या अंगाला असाव्यात, मुळांच्या खुणा खाली. तो तीन-चार सेंटिमीटर चिखलात दाबावा, कोंबाचे टोक मात्र उघडे राहू द्यावे. हळदीसारखा खोल पुरल्यास तो कुजण्याची भीती असते. दोन तुकड्यांत फूटभर अंतर ठेवले तर दीड-दोन फुटांच्या टबात दोन, फार तर तीन तुकडे बसतात. त्यावर बोटभर जाडीचा धुतलेल्या वाळूचा थर द्यावा, म्हणजे पाणी घालताना चिखल ढवळत नाही. पहिले दोन आठवडे पाणी साचू न देता चिखल फक्त ओला ठेवावा; हिरवे टोक दोन-तीन इंच वर आले की पाण्याची पातळी हळूहळू वाढवून मातीच्या वर दोन इंचांपर्यंत न्यावी.

साचलेले पाणी म्हटले की डासांची काळजी करावीच लागते, आणि डेंग्यूच्या दिवसांत ती टाळून चालणार नाही. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. लहान टबात आरोग्य खात्याचा ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ हा नियम वेखंडाला सोयीचा करून पाळता येतो: त्या दिवशी वरचे सगळे पाणी काढून टाकावे, ते बागेतील इतर झाडांना घालावे, चिखल मात्र ओलाच राहू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरावे. बाहेरगावी जायचे असेल तर पाणी वाळूच्या थराच्या आतच राहील एवढे ठेवावे. उघडा पृष्ठभाग नसला की डास अंडी घालत नाहीत आणि रोपाचेही आठ दिवस निभावतात. उन्हाळ्यात मात्र असे सोडून जाऊ नये.

पाणी, क्षार आणि उन्हाळा

सोलापुरात वेखंड मरते ते बहुधा तहानेपेक्षा क्षारांनी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपण बोअरचे पाणी वापरतो. ते जड असते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. तळाला भोक नसलेल्या टबात ते साठत राहतात. टबाच्या कडेला पांढरी पुटे दिसू लागली आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळू लागली, की हेच झाले आहे असे समजावे. अशा वेळी खत घालणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण त्याने क्षार आणखी वाढतात. टब तिरका करून सारे पाणी ओतून द्यावे, गोडे पाणी भरून एक दिवस ठेवावे आणि तेही ओतून द्यावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर नवी पाने स्वच्छ येतात. जुनी टोके हिरवी होत नाहीत, ती कात्रीने छाटावीत. पावसाळ्यात टब उघड्यावर ठेवून चांगल्या दोन-तीन पावसांत तो भरभरून वाहू दिला, तर वर्षभराचे क्षार आपोआप धुऊन निघतात. गच्चीचे पावसाचे पाणी पिंपात साठवून उन्हाळ्यासाठी राखता आले तर याहून चांगले काहीच नाही.

जून ते जानेवारी वेखंडाला पाच-सहा तास ऊन चालते, नव्हे हवेच असते. पूर्ण सावलीत पाने लांबट, मऊ होऊन लोळतात. संक्रांतीनंतर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरू लागते तेव्हा ऊन चढायला लागते, आणि मी त्या सुमारास टबाची जागा बदलून टाकतो. मार्चपासून त्याला फक्त सकाळचे, साधारण दहा वाजेपर्यंतचे ऊन मिळावे. जागा बदलणे शक्य नसेल तर निम्मे ऊन अडवणारी हिरवी शेडनेट वर बांधावी, आणि पश्चिमेकडून येणारी झळ अडेल असे काहीतरी, जुनी चादर चालेल, आडवे लावावे. वरच्या उन्हाइतकाच कोरडा वारा घातक असतो. पाणी सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर असे दोन वेळा पाहावे. दुपारी तापलेल्या टबात थंड पाणी ओतू नये. मेमध्ये निम्मी पाने पिवळी पडून झोपली तरी धीर सोडू नये. चिखलात बोट घालून कंद चाचपावा. तो टणक असेल तर रोप जिवंत आहे, आणि पहिल्या वळवानंतर नवे कोंब दिसतात.

खत फार लागत नाही. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर प्रत्येकी एकदा, दोन मुठी गांडूळखत कागदात पुडी बांधून चिखलात वीतभर खोल खुपसावे. वरून टाकले तर ते पाण्यात तरंगते आणि शेवाळ माजते. कीड सहसा येत नाही. कधी पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसतो, तो ओल्या कापडाने पुसून काढावा.

शेतात लावण्याविषयी विचारणा होते म्हणून सांगतो. फूट बाय फूट अंतराने एकरी सुमारे ४३,५०० तुकडे लागतात आणि भातखाचरासारखे पाणी जवळजवळ पूर्ण काळ उभे ठेवावे लागते. उजनीच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या शेतकऱ्यालाही मी हा सल्ला देणार नाही; उसानंतर आणखी एक तहानलेले पीक या जिल्ह्याला परवडणारे नाही. विहिरीच्या पाटाची कायम ओली कड किंवा जनावरांच्या हौदातून ओसंडणारे पाणी मुरते ती जागा असेल, तर तेथे मात्र अवश्य लावावे. न्हाणीघराच्या सांडपाण्यावरही ते जोमाने वाढते, परंतु त्या कंदाचा अंगाला किंवा औषधाला वापर करू नये.

काढणी आणि वापरातील सावधगिरी

दहा-बारा महिन्यांनी खालची पाने पिवळी पडून वाळू लागली की कंद काढण्याजोगा होतो. आठवडाभर पाणी बंद करून चिखल घट्ट होऊ द्यावा, मग कडेकडेने उकरत पूर्ण जाळे उचलावे. धुऊन, तंतुमुळे काढून, पाच ते सात सेंटिमीटरचे तुकडे करून सावलीत वाळवावेत आणि हवाबंद डब्यात ठेवावेत. पक्के वाळलेले तुकडे कापडात बांधून लोकरी कपड्यांत, ठेवणीतल्या चादरींत आणि रेशमी साड्यांच्या कप्प्यात ठेवले की कसर लागत नाही. वेखंडातील बीटा-अॅसरोन हा घटक किडींच्या प्रजननात अडथळा आणतो, त्यामुळे या जुन्या घरगुती उपायाला आधार आहे.

हाच घटक माणसाने पोटात घेण्याच्या दृष्टीने मात्र काळजीचा आहे, आणि भारतीय वेखंडात त्याचे प्रमाण जास्त असते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे आढळल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये वेखंड आणि त्याचे तेल खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. आयुर्वेदातही वचा शोधन, म्हणजे शुद्धीकरणाची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत. म्हणून घरी उगवलेला कंद उगाळून तान्ह्या बाळाला चाटवू नये, गरोदर स्त्रीने तो घेऊ नये, आणि पोटात घ्यायचे असेल तर पात्रताधारक वैद्यांना विचारल्याशिवाय कणभरही घेऊ नये. बाळाच्या अंगाला पूड लावतानाही ती नाकातोंडात उडणार नाही हे पाहावे. आजीच्या काळापासून चालत आले आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगताना मलाही जड जाते, पण बाळाच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

काढणीच्या वेळी शेंड्याकडचे कोंब असलेले तुकडे वाळवू नयेत, ते लगेच नव्या चिखलात लावावेत. एका टबातून एवढे तुकडे निघतात की आपल्याला पुरून चार घरांना देता येतात. लांब पाठवायचे असतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळून, वरून सैल प्लास्टिक लावून द्यावेत. असे ते आठवडाभर तग धरतात. सोबत एक पानही ठेवावे, म्हणजे घेणाऱ्याला ते चुरडून खात्री करता येते.